पावडर चुकली म्हणून वॉरंटी जाते का?

प्रश्न : आमच्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनला चौदा महिने झाले, वॉरंटी दोन वर्षांची आहे. मध्यंतरी ते पाणी बाहेर टाकेनासं झालं आणि आठवड्याभरात सुरूच होईना. टेक्निशियनने दार उघडून आतल्या फेसाचा फोटो काढला. ड्रेन पंप आणि सर्किट बोर्ड दोन्ही गेले, चुकीच्या पावडरीमुळे गेले, त्यामुळे वॉरंटी लागू नाही, असं त्याने सांगितलं. आम्ही बादलीत कपडे भिजवायची साधी पावडर वापरत होतो, तीही सढळ हाताने, हे खरं आहे. पण मशीन बसवायला आलेला माणूसच 'कुठलीही पावडर चालते' म्हणाला होता. जॉबशीटवर मी सही करून बसलो आहे. आता मशीनचं लिक्विड आणलंय. पहिल्यापासून हेच वापरत होतो असं सांगितलं तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही चालणार. ग्राहक आयोगात तक्रार प्रतिज्ञापत्रावर करायची असते आणि न्यायिक कामकाजात खोटा पुरावा दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ते बाजूला ठेवलं तरी तुमचं मशीनच तुमच्याविरुद्ध बोलेल. दाराच्या रबराच्या घडीत आणि पावडरीच्या कप्प्यामागे थर साचलेला असणार, आणि फेसाचा फोटो तर त्यांच्याकडे आहेच. गंमत म्हणजे तुम्हाला खोटं बोलायची गरजही नाही. खरं सांगूनही तुमची बाजू बऱ्यापैकी उभी राहते.

कशी, ते समजण्यासाठी आधी मशीनमध्ये काय होतं ते पाहू. फ्रंट लोडमध्ये पाणी कमी असतं. ड्रम फिरताना कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात, त्या आपटण्यानेच मळ सुटतो. हाताने धुण्याची पावडर भरपूर फेस देण्यासाठीच बनवलेली असते. तो फेस कपड्यांखाली गादीसारखा पसरतो, आपटणं मऊ पडतं, कपडे नीट निघत नाहीत, आणि मग आपण पुढच्या वेळी आणखी पावडर टाकतो. फेस ओढताना पंपात पाण्याऐवजी हवाच जास्त जाते आणि पाणी बाहेर पडत नाही. पाण्याची पातळी ओळखणारी यंत्रणाही फेसामुळे गोंधळते. त्यामुळे 'पावडर चुकली' हा कंपनीचा मुद्दा पोकळ नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आता कायदा. पावडर चुकीची होती एवढं सिद्ध करून कंपनीचं काम भागत नाही. त्या चुकीमुळेच हा विशिष्ट भाग निकामी झाला, हे तिने दाखवायला हवं. वॉरंटीतला अपवाद जो पुढे करतो, तो लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच. आयोगासमोरचा खरा वाद इथेच असतो आणि बहुतेक ग्राहक नेमकं इथेच गप्प बसतात. 'आमचंच चुकलं' या अपराधी भावनेत 'पण बोर्ड कशाने गेला?' हे विचारायचं राहून जातं.

म्हणून दोन्ही भाग वेगळे काढू. पंपाच्या बाबतीत तुमची बाजू कच्ची आहे. फेस आणि पंप यांचं नातं उघड आहे. तरी एक विचारा : टेक्निशियनने पंपाचा फिल्टर उघडून पाहिला का? पंप अडकतो तो पुष्कळदा नाणं, केसांची पिन किंवा धाग्यांच्या गोळ्यामुळे. फिल्टरची तपासणी जॉबशीटवर नसेल, तर निदान अर्धवट आहे.

बोर्डाची गोष्ट वेगळी. पावडर काही बोर्डापर्यंत चालत जात नाही. फेस कप्प्यातून उफाळून पाणी आतल्या वायरिंगवर उतरलं, तर तो संबंध जोडता येईल. पण मग बोर्डावर ओलीच्या, गंजाच्या किंवा पांढऱ्या थराच्या खुणा सापडायला हव्यात. बोर्ड कोरडा आणि स्वच्छ असेल, तर 'पावडरीमुळे' हा शेरा म्हणजे नुसता अंदाज. म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचं सांगतो : जुना बोर्ड कंपनीला परत नेऊ देऊ नका. तो काढताना व्हिडिओ करा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि पिशवीत बंद करून ठेवा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 38 नुसार, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. भागच हातात नसेल तर पाठवणार काय?

सहीची फार धास्ती घेऊ नका. जॉबशीटवरच्या सहीने टेक्निशियन येऊन गेला हे सिद्ध होतं. त्याचं निदान तुम्ही मान्य केलं, असा अर्थ आपोआप निघत नाही. मात्र सहीनंतर महिनोन्‌महिने गप्प राहिलात, तर तसा अर्थ काढायला जागा मिळते. आजच कंपनीला ईमेल करा : निदान मान्य नाही; पंप आणि बोर्ड यांचं कारण वेगवेगळं, लेखी आणि फोटोंसह कळवा. 'कस्टमर मिसयूज' या दोन शब्दांवर त्यांना थांबू देऊ नका. याचा आणखी एक फायदा आहे. आज कारण पावडर म्हणून नोंदलं गेलं, की उद्या 'व्होल्टेज कमी-जास्त झालं असेल' असं म्हणणं त्यांना जड जातं.

बसवणाऱ्याचं 'कुठलीही चालते' हे वाक्य उपयोगी आहे, पण तोंडी आहे. त्या वेळी घरात कोण हजर होतं, त्यांची नावं लिहून ठेवा. मग माहितीपुस्तिका उघडा. फ्रंट लोडसाठी कमी फेसाची पावडर वापरा, असं स्पष्ट लिहिलंय का? प्रमाण दिलंय का? की एका कोपऱ्यात 'योग्य डिटर्जंट वापरावे' एवढंच आहे? सूचना मोघम असतील तर दोष सगळा तुमच्या माथी मारता येणार नाही. स्पष्ट असतील, तर बसवणाऱ्याचा सल्ला हाच तुमचा मुख्य आधार. कंपनीने पाठवलेला माणूस कंपनीच्याच पुस्तिकेविरुद्ध सांगून गेला, ही सेवेतली त्रुटीच.

एका आडवळणापासून सावध करतो. ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई) नावाचं प्रकरण आहे आणि ते वाचून अनेक जण हुरळून जातात. पण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येत खुद्द त्या वस्तूचं झालेलं नुकसान बसत नाही. तुमचं मशीनच बिघडलंय, त्यामुळे तक्रार 'सदोष वस्तू' आणि 'सेवेतील त्रुटी' याच नावाने करा. कपड्यांवरचे पांढरे डाग आणि मानसिक त्रासाची मोठी रक्कम मागू नका, मूळ मुद्दा पातळ होतो.

ईमेलला पंधरा दिवसांत धड उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दरम्यान मशीनवाचून अडत असेल तर पैसे भरून दुरुस्ती करून घ्या, पण बिलावर 'हरकत राखून रक्कम दिली' असं लिहा.

नवं लिक्विड मुख्य धुण्याच्या कप्प्यात टाका, प्रीवॉशच्या नाही, आणि बाटलीवरच्या मापापेक्षा थेंबभरही जास्त नको. कारण पुढचा टेक्निशियनही आधी फोटोच काढणार आहे.

तडजोडीची वेळ आली तर मी तुमच्या जागी एवढंच म्हणेन : पंप आमच्याकडून, बोर्ड तुमच्याकडून, मजुरीचं एकही बिल नाही. कारणाचा लेखी खुलासा मागितल्यावर कंपन्या बऱ्याचदा इथवर येतात. आल्या नाहीत, तर बोर्ड पिशवीत आहेच.