मेटासरफेसमध्ये करिअर होईल का?

तुझं पत्र मिळालं. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, फायनल इयरचा प्रोजेक्ट पोलरायझेशन बदलणाऱ्या रीकॉन्फिगरेबल मेटासरफेसवर (तरंग हवा तसा बदलणाऱ्या छोट्या धातूच्या आकृत्यांच्या पातळ पॅनेलवर, ज्याचं काम नंतरही बदलता येतं) करायचाय, आणि घरचे विचारतात, "यात नोकरी कुठे आहे?"

प्रश्न रास्त आहे. विषय तरुण आहे. 2011 मध्ये हार्वर्डचे संशोधक फेडेरिको कापासो यांच्या गटाचा अपवर्तनावरचा शोधनिबंध आला आणि तिथून त्याला खरा वेग मिळाला. ‘मेटासरफेस इंजिनिअर हवा’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. पण यासाठी जे शिकावं लागतं, तेच अँटेना, रडार आणि उपग्रह संपर्काच्या कामात लागतं. म्हणून माझं मत: प्रोजेक्ट जरूर कर, फक्त पोलरायझेशन, म्हणजे तरंगाचं विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेने डोलतं ते, पक्कं करून घे. बरेच जण तिथेच कच्चे राहतात.

तरंगाचं विद्युतक्षेत्र काटकोनातल्या दोन सारख्या घटकांत मांडून बघ. त्यांच्या फेजमध्ये (दोलनाच्या टप्प्यात) 90 अंशांचा फरक पडला की लिनिअर, म्हणजे एका रेषेत डोलणारा, तरंग सर्क्युलर, म्हणजे गोल फिरणारा, होतो. फरक 180 अंशांचा झाला तर तो लिनिअरच राहतो, पण त्याची दिशा 90 अंशांनी वळते. हा फरक युनिट सेल, म्हणजे पॅनेलवर पुन्हापुन्हा येणारी एक आकृती, घडवतो. त्यात पिन डायोड (विजेने चालू-बंद होणारा छोटा स्विच) बसवला की ऑन असताना धातूचे तुकडे जोडले जातात, ऑफ केल्यावर सुटे होतात. रेझोनन्स (सेल ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वांत जोरात प्रतिसाद देतो ती) सरकतो आणि फेजचा फरक बदलतो. पॅनेल तेच, काम वेगळं! मला या विषयातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं.

10 गिगाहर्ट्झच्या आसपास काम कर. तरंगलांबी 3 सेंटिमीटर असल्यामुळे सेल काही मिलिमीटरचा होतो आणि पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) सहज छापता येतो. ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) आणि टेराहर्ट्झचा (याहून खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचा) मोह आत्ता नको. ते बनवायला क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) लागते, नाहीतर प्रोजेक्ट सिम्युलेशनवरच थांबतो. सीएसटी किंवा एचएफएसएस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये आधी एकच सेल बसव, को-पोल (मूळ पोलरायझेशन) आणि क्रॉस-पोल (त्याला काटकोनातलं) दोन्ही आलेख काढ. डायोडला आदर्श स्विच समजू नकोस: ऑनचा रोध आणि ऑफचं कपॅसिटन्स डेटाशीटमधून घे, बायस लाइनही (डायोडला वीज पुरवणारी तार) मॉडेलमध्ये घाल. मोजमाप सिम्युलेशनशी जुळत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं, आणि मुलाखतीतही नेमकं हेच विचारतात.

संशोधनातच राहायचं असेल तर पीएचडी लागेल. तो निर्णय आज घेऊ नकोस. पॅनेल तयार करून मोजमाप झाल्यावर घे. तोवर रेझ्युमेवर ‘अँटेना डिझाइन आणि आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) मापन’ लिहिता येईल इतकं हाताने करून ठेव, आणि घरच्यांनाही तेच दाखव.