टाच घरी, बाकी मोजा गल्लीत

वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरे

प्रश्न : काकू, लग्न होऊन अंबाजोगाईत आले आणि पहिल्याच पौषात पाय गारठले, म्हणून पायमोजे विणायला घेतले. टाच वळवताना दर वेळी टाके चुकतात, दोन्ही कोपऱ्यांत भोकं पडतात. तीनदा उसवलं. विणकाम पिशवीत घेऊन संध्याकाळी फिरायला जाते, कुठे ओटा दिसला की बसून दोन ओळी करते. काय चुकतंय? – एक नवी सून

उत्तर : पत्रातली शेवटून दुसरी ओळ चुकतेय. टाच फिरायला न्यायची नसते गं. न्यायची ती मोज्याची नळी. १३ नंबरच्या, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या सुयांवर ६४ टाके घातले, वरची एक सुलट एक उलट अशी पट्टी झाली, की पुढे सहा इंच नुसतं सुलट, गोल गोल. त्याला बोटं पुरतात. डोळे मोकळे राहतात ते मंडी बाजारातून योगेश्वरीच्या देवळाकडे जाताना लागणाऱ्या ढेलजांसाठी, म्हणजे वाड्यांच्या दारातल्या ओसऱ्यांसाठी. कुणाच्या अंगणात कृष्णकमळ फुललंय, कुणी तेलाच्या डब्यात अनंत लावलाय, कुणाच्या दिंडी दरवाज्याचा आडणा, म्हणजे दारामागचा आडवा दांडा, अजून शाबूत आहे. नळाला इतक्या दिवसांनी पाणी येतं, तरी लोक भांड्यांचं पाणी घालून तगर जगवतात. ते बघायला दोन डोळेसुद्धा कमीच पडतात.

मी हे शहाणपण एक सुई गमावून शिकले. आईच्या पाच सुया होत्या, सायकलच्या तारा कापून, टोकं पाट्यावर घासून केलेल्या. एका वाड्यासमोर उभी राहून टाच वळवत होते आणि कुंपणावरच्या मधुमालतीकडे बघता बघता एक सुई सटकून थेट गटारात गेली. ढेलजेत बसलेल्या आजी सगळं बघत होत्या. "काय विणायलीस गं एवढं उभ्या उभ्या? आधी बस की!" म्हणाल्या. त्या दिवशी चहा मिळाला, मधुमालतीची काडी मिळाली, सुई मात्र गेली.

तर टाच घरी, बल्बखाली, कुणी बोलत नसताना. ६४ पैकी ३२ टाक्यांवर ये-जा करत ३२ ओळींची पट्टी विण. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घे. त्याने कडेला साखळीसारखे १६ फासे तयार होतात, दोन ओळींना एक. मग वळण. १८ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि ओळ अर्धी टाकून सुई फिरव. परत येताना पहिला उचल, ५ उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा फिरव. आता टाक्यांमध्ये एक फट दिसेल. यापुढे दर ओळीला फटीपर्यंत जायचं, फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र करायचा, पुढचा एक विणायचा, फिरायचं. शेवटच्या दोन ओळींत एकत्र केल्यावर विणायला टाकाच उरत नाही. बहुतेक जणी तिथे घाबरून उसवतात. घाबरू नकोस, १८ मोज. १८ आले म्हणजे टाच वळली.

भोकाचं म्हणशील तर कडेचे १६ फासे उचलल्यावर कोपऱ्यात सतरावा टाका उचल, त्याला पीळ देऊन विण, आणि पुढच्या फेरीत शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र कर. भोक बुजतं. त्यानंतर एकाआड एक फेरीत दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत पुन्हा ६४ वर ये, आणि नळी परत पिशवीत टाक.

प्रश्न : रस्त्याने चालता चालता विणलं तर लोक हसत नाहीत का?

उत्तर : हसतात.

प्रश्न : आमच्या आईंना मोजे हवेत, पण त्या अंगठ्याची चप्पल सोडत नाहीत. शिवाय "आपल्याकडच्या मेंढीची लोकर आण" असा हट्ट आहे. काय करू? – परभणी

उत्तर : मेंढीचा हट्ट समजावून मोडा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पण मोज्यात आईंच्या पायाला ती टोचेल. तीन भाग मऊ लोकर आणि एक भाग नायलॉन असा धागा मिळाला तर उत्तम, टाचेला लवकर विरत नाही. नुसतं सूत नको, त्याला ताण नसतो, दुपारपर्यंत मोजा घोट्यावर गोळा होतो.

अंगठ्याचा हट्ट मात्र पुरवा, तो फार जुना आहे. इजिप्तमध्ये इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातले लाल लोकरीचे मोजे सापडले, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ठेवलेत. अंगठा वेगळा, बाकीची बोटं वेगळी, कारण लोक चपलाच घालायचे. ते एकाच सुईने, आपल्या विणकामाहून निराळ्या पद्धतीने केलेले आहेत. तुम्ही नेहमीसारखंच विणा. बोटांच्या फटीपर्यंत आलात की अंगठ्याच्या बाजूचे वरचे १२ आणि खालचे १२ टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा. मधे ४ नवे टाके घालून बाकीच्या बोटांचा भाग पुरा करा, मग अंगठ्याकडे वळा. एवढं लक्षात ठेवा की आता डावा-उजवा वेगळा होतो. मी पहिल्यांदा दोन्ही डावेच विणले होते.

प्रश्न : काकू, मोज्यांबद्दल नाही, तुम्ही जुन्या घरांबद्दल लिहिता त्याबद्दल विचारते. गावाकडे आमच्या आजोबांचं माळवदाचं घर आहे. भाऊ पाडायचं म्हणतो, माझं मन होत नाही. – औसा तालुका

उत्तर : तुमचा तालुका बघूनच पत्र दोनदा वाचलं. माळवद मलाही प्रिय आहे. सागवानी खांब, त्यावर तुळया, वर लाकडी पट्ट्यांचं किलचन, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात भर दुपारी आत गेलं की छपरातल्या साण्यातून, म्हणजे झरोक्यातून, उजेडाचा एकच खांब जमिनीवर उतरलेला असतो आणि भिंतीतल्या बळदाला, म्हणजे धान्याच्या कोठाराला, जुन्या ज्वारीचा वास येत असतो. पण दर पावसाळ्याआधी गळती नको म्हणून माती टाकत गेले, पिढ्यान्‌पिढ्या. काही घरांवर तो थर दीड-दोन फुटांचा झाला. खाली मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुमच्याच तालुक्यातल्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती याच वजनाखाली. काही घरांत भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला, हेही खरं आहे.

तेव्हा भावाशी भांडू नका आणि लगेच पाडूही नका. आधी जाणत्या इंजिनिअरला दाखवा. वरची माती काढून हलकं छप्पर करता येईल का, खांब-तुळयांना वाळवी आहे का, भिंतींना आरपार बांधणारे लांब दगड घालता येतील का, हे विचारा. त्यांनी हो म्हणेपर्यंत त्या छपराखाली कुणाला झोपवू नका, पाहुण्यांना तर नाहीच. पाडायचंच ठरलं तर लाकूड भंगारवाल्याच्या पहिल्या भावाला देऊ नका. दार, चौकट आणि एक खांब तरी नव्या घरात बसवा. अंगणातला पारिजातक तोडायचं काही कारण नाही, त्याच्या डोक्यावर माती नाही.

आणि घराचे फोटो काढाल तेव्हा जोत्याची उंचीही मोजून ठेवा. मला पाठवा, सोबत आजींच्या पावलाची लांबीही. शहाबादी फरशीवरून चालणाऱ्या पायांचं माप मी कधी वाया जाऊ देत नाही.