देश बदलतो, पण खेळाडूचं वय थांबत नाही

राजकीय उलथापालथीमुळे आंतरराष्ट्रीय स्पर्धांचं नेमकं काय बदलतं, असं तुम्ही विचारलंय. स्पर्धा बहुधा होतातच. पण त्यात कोण उतरणार आणि कोणत्या झेंड्याखाली, हे बदलतं, आणि त्याची झळ खेळाडूला बसते.

१९९२ हे एकच वर्ष पाहा. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१मध्ये संपला. बार्सिलोना ऑलिंपिक अवघ्या काही महिन्यांवर होतं. इतक्या कमी वेळात नव्या देशांनी आपापले संघ उभे करायचे कसे? म्हणून बारा माजी प्रजासत्ताकांचा एकच संयुक्त संघ उतरला आणि ४५ सुवर्णपदकं जिंकून पहिला आला. बेलारूसच्या विताली शेर्बोने जिम्नॅस्टिक्समध्ये सहा सुवर्णपदकं मिळवली. सांघिक सुवर्णाच्या वेळी ऑलिंपिकचा झेंडा वर गेला, वैयक्तिक सुवर्णांना बेलारूसचा. एकच माणूस, एकच स्पर्धा!

लिथुआनिया हेही माजी सोव्हिएत प्रजासत्ताक, पण ते मात्र स्वतंत्रपणे आलं होतं. १९८८ला सोव्हिएत संघाला बास्केटबॉलचं सुवर्ण मिळवून देणाऱ्यांत साबोनिससह चार लिथुआनियन होते. बार्सिलोनात त्याच लिथुआनियाने कांस्यपदकाच्या लढतीत संयुक्त संघाला ८२–७८ असं हरवलं. मला हे कांस्य त्या आधीच्या सुवर्णापेक्षा मोठं वाटतं.

त्याच उन्हाळ्यात युगोस्लाव्हियाचा फुटबॉल संघ युरोपीय अजिंक्यपदासाठी स्वीडनमध्ये पोहोचला होता. युद्धामुळे संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले आणि संघाला बाहेर काढलं गेलं. पात्रता गटात त्यांच्या मागे दुसरा आलेला डेन्मार्क ऐनवेळी बोलावला गेला आणि अंतिम सामन्यात जर्मनीला २–० हरवून विजेता ठरला. डेन्मार्कची ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. घरी परतलेल्या युगोस्लाव्हियाच्या संघाबद्दल फार कोणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दक्षिण आफ्रिकेचं प्रकरण वेगळं आहे. वर्णद्वेषी राजवटीमुळे तो देश १९७०पासून कसोटी क्रिकेटबाहेर होता, आणि माझ्या मते तो बहिष्कार योग्यच होता. राजवट बदलू लागली तेव्हा, नोव्हेंबर १९९१मध्ये, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्यांचं पुनरागमन झालं. कर्णधार क्लाइव्ह राइस तेव्हा ४२ वर्षांचा होता. काही महिन्यांनी झालेल्या विश्वचषकाच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. त्यांचाच फलंदाज बॅरी रिचर्ड्स याच्या वाट्याला बहिष्काराआधी चार कसोट्या आल्या. त्यात त्याने ५०८ धावा केल्या, दोन शतकांसह. पुढे एकही कसोटी नाही.

रिचर्ड्सबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात, मलाही हळहळ वाटते. पण ज्या कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या राजवटीने राष्ट्रीय संघाच्या निवडीत कधी धरलंच नाही, त्यांच्या नावापुढे तेवढ्या चार कसोट्याही नाहीत.