पैसे भरण्याआधी विचारा: पाइपलाइन कोणाच्या मालकीची?

प्रश्न : वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत मागच्या बाजूचा तुकडा माझ्याकडे आला. तिथे गेल्या वर्षी घर बांधलं. ग्रामपंचायतीत घराची नोंद झाली आहे, घरपट्टी आणि पाणीपट्टी दोन्ही घेतात, पण नळ नाही. जलजीवन मिशनची लाइन गावठाणाच्या टोकाला संपते. तिथून रस्त्याने माझ्या घरापर्यंत साधारण ३८० मीटर. लाइन वाढवायची तर पूर्ण खर्च, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास, तुम्हीच भरा, असं सरपंच म्हणतात. चुलतभावाच्या शेतातून पाइप आणला तर अंतर निम्म्याहून कमी होतं. तो आधी तोंडी हो म्हणाला होता, आता टाळाटाळ करतो. ग्रामसेवक म्हणतात, जमीन बिनशेती नाही, म्हणून कनेक्शनचा हक्कच नाही. एका ओळखीच्या माणसाने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ खाली अर्ज करायला सांगितलं आहे. शिवाय उद्या माझ्या पैशाने टाकलेल्या लाइनवरून वाटेतल्या प्रत्येकाने जोडणी घेतली तर मी काय करायचं?

उत्तर : तुमचे प्रश्न बरेच आहेत, पण जवळजवळ सगळे एकाच गोष्टीवर अडलेले आहेत. ती म्हणजे, ही ३८० मीटरची लाइन शेवटी कोणाची असणार? ती ग्रामपंचायतीची असेल, तर रस्ता खोदायची परवानगी, दुरुस्ती, फुटली तर धावपळ आणि पुढच्या जोडण्या हे सगळं पंचायतीकडे जातं. ती तुमची खासगी असेल, तर हे सगळं तुमच्या गळ्यात. पावणेदोन लाख देऊन तुम्ही नेमकं काय मिळवणार आहात हे कोणी सांगितलेलं दिसत नाही, आणि माझा अंदाज असा की पंचायतीत कोणी ते ठरवलेलंही नाही.

आधी पंचायतीची जबाबदारी पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४५ आणि पहिल्या अनुसूचीनुसार गावाच्या पाणीपुरवठ्याची तरतूद करणं हे पंचायतीचं कर्तव्य आहे. मात्र त्याच कलमात ‘ग्रामनिधीतून शक्य असेल तितपत’ आणि ‘वाजवी तरतूद’ अशा अर्थाची मर्यादाही आहे. त्यामुळे कोर्टात गेलात आणि लगेच तुमच्या अंगणापर्यंत पाइप टाकायचा हुकूम झाला, असं होत नाही. पण म्हणून सरपंचांनी तोंडी सांगितलेला आकडा हा कायदा ठरत नाही. पंचायतीला पैसे घ्यायचे तर त्यामागे ठराव हवा, अंदाजपत्रक हवं आणि पावती हवी. यातलं काहीही नसेल, तर ती निव्वळ मागणी आहे.

इथे दोन वेगळे खर्च एकत्र मिसळले गेले आहेत. मुख्य लाइनपासून तुमच्या घरातल्या नळापर्यंतचा छोटा पाइप, तोटी, मीटर असल्यास मीटर आणि जोडणीची फी हा भाग साधारणपणे घरमालकानेच करायचा असतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. गावठाणाच्या टोकापासून पुढे रस्त्याच्या कडेने जाणारी वाढीव लाइन ही मात्र सार्वजनिक मालमत्ता व्हायला हवी. तिचा शंभर टक्के भार एका घरावर टाकण्याचा आग्रह असेल, तर त्याचं कारण पंचायतीने लेखी द्यावं.

बोलणी करताना एक मुद्दा हाताशी ठेवा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट प्रत्येक ग्रामीण घराला नळाने, माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं आहे. त्या योजनेत गावातल्या अंतर्गत कामांच्या खर्चात लोकवर्गणीचा वाटा सर्वसाधारण गावांसाठी १० टक्के ठेवला आहे. डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या असलेल्या गावांसाठी तो ५ टक्के आहे. हाही वाटा अख्ख्या गावाने मिळून द्यायचा असतो, आणि तो श्रमाच्या रूपातही चालतो. योजनेचा आराखडा झाला तेव्हा तुमचं घर नव्हतं, म्हणून या आधारावर थेट हक्क सांगता येणार नाही. पण गावाकडून दहा टक्के आणि उशिरा घर बांधणाऱ्याकडून शंभर, हे कोणत्या न्यायाने, असं ग्रामसभेत नक्की विचारता येईल.

त्याहून धारदार हत्यार माहितीच्या अधिकाराचं आहे. दहा रुपयांच्या अर्जावर पंचायतीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात मोजकंच मागा. नळजोडणीची फी ठरवणारा ठराव, गेल्या पाच वर्षांत गावठाणाबाहेरच्या कोणकोणत्या घरांसाठी लाइन वाढवली त्याची यादी, त्या प्रत्येक कामाचा खर्च कोणत्या निधीतून झाला आणि लाभधारकाकडून किती घेतले, एवढं पुरे. दोन-चार घरांसाठी पंचायतीने स्वतःच्या पैशातून पाइप टाकलेला निघाला, तर तुमची बाजू एकदम बदलते. मग तुमचं म्हणणं ‘मला सवलत द्या’ असं राहत नाही, ‘मला वेगळी वागणूक का’ असं होतं, आणि राज्यघटनेच्या कलम १४ मुळे, म्हणजे समानतेच्या हक्कामुळे, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पंचायतीला टाळता येत नाही. यादीत काहीच निघालं नाही, तर तेही लवकर कळलेलं बरं.

पैसा कुठून, हे पंचायत विचारणारच. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच वापरायचा, होता आणि त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्याच्या कामांसाठी होता. सध्या कोणता निधी हातात आहे आणि त्यातलं किती अखर्चित आहे, हे ग्रामसभेत विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. ३८० मीटरचं काम मोठं नसतं. पुढच्या वर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात ते घालून घ्या. त्या रस्त्यावर पुढे अजून दोन-तीन घरं होणार असतील, तर त्या जमीनमालकांच्या सह्याही अर्जावर घ्या. एकट्याचा अर्ज कपाटात पडून राहतो.

थांबायची तयारी नसेल आणि पैसे भरायचेच असतील, तर भरा, पण अटींवर. मासिक सभेच्या ठरावात या गोष्टी याव्यात : लाइन पंचायतीच्या मालकीची राहील आणि मालमत्तेच्या नोंदवहीत तिची नोंद होईल, देखभाल पंचायत करील, तुम्ही भरलेली रक्कम किती आणि ती कशासाठी. शिवाय पुढे वाटेतल्या कोणी या लाइनवरून जोडणी घेतली, तर त्याच्याकडून अंतराच्या प्रमाणात हिस्सा घेऊन तुम्हाला परत केला जाईल किंवा तुमच्या पाणीपट्टीत वळता होईल. ही शेवटची अट कायदा आपोआप देत नाही. ठरावात नसेल, तर तुमच्या पैशाने टाकलेल्या सार्वजनिक लाइनवरून शेजाऱ्याने जोडणी घेतली म्हणून त्याला अडवता येणार नाही, आणि त्याच्याकडे पैसेही मागता येणार नाहीत. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. रक्कम पंचायतीच्या किंवा पाणीपुरवठा समितीच्या बँक खात्यात भरा आणि पंचायतीची अधिकृत पावती घ्या. कोणाच्या हातात रोख देऊ नका, तो माणूस कितीही सज्जन असला तरी.

मी वकील आहे, प्लंबर नाही, तरी एक सांगतो. पैसे भरण्याआधी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याकडून उंचीची पाहणी करून घ्या आणि पाइपचा व्यास अंदाजपत्रकात लिहून घ्या. घर टाकीच्या पातळीपेक्षा उंचावर असेल किंवा एवढ्या लांब बारीक पाइप टाकला, तर लाइन कायदेशीर असेल आणि नळ कोरडा.

रस्त्याचंही पाहा. तो पंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत आहे, की जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे? दुसऱ्या खात्याचा असेल तर खोदाईची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वाढतो. परवानगीचा अर्ज पंचायतीच्या नावाने जाऊ द्या. खासगी माणसाने स्वतःच्या नावावर रस्ता खोदण्याची परवानगी काढली, की ती लाइन कागदोपत्री त्याची होऊन बसते.

आता चुलतभाऊ. कलम ४९ चा सल्ला सोडून द्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं हे कलम दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाइप नेण्याची परवानगी देतं, पण शेतीसाठी पाणी नेण्याकरता. घरच्या नळासाठी ते नाही. शेतीचं नाव सांगून आदेश मिळवायचा आणि पाइप स्वयंपाकघरात न्यायचा, हा उद्योग काही लोक करतात. समोरच्याने हरकत घेतली की तो आदेशही जातो आणि तुमच्यावरचा विश्वासही.

मग सुखाधिकार, म्हणजे आपल्या जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर असलेला हक्क? भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १३ नुसार, एकत्र मिळकतीची वाटणी झाल्यावर एका हिश्श्याच्या उपभोगासाठी दुसऱ्या हिश्श्यावर एखादा हक्क अत्यावश्यक असेल, तर तो मिळतो. तुमच्याकडे वाटणी आहे, म्हणून हा मुद्दा मनात येणं साहजिक आहे. पण इथे आवश्यकता म्हणजे दुसरा मार्गच नसणं. रस्त्याने पाइप येऊ शकतो, फक्त महाग पडतो. खर्च वाचणं ही सोय झाली, आवश्यकता नव्हे. त्याच्या शेतातून तुमची जाण्या-येण्याची वहिवाट असेल, तरी तिच्यात पाइप पुरण्याचा हक्क येत नाही. एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क सामावत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे. वाटणीपत्र मात्र नीट वाचा. जुन्या वाटणीपत्रांत ‘विहीर, पाट, पाइपलाइन व रस्ता सामाईक’ असं एखादं वाक्य सापडतं, आणि ते असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्या वाक्यावर बोलायचं.

तोंडी ‘हो’ची किंमत किती? कायद्याच्या भाषेत ती केवळ अनुज्ञा, म्हणजे नुसती परवानगी, आणि ती मागे घेता येते. तिच्या भरवशावर तुम्ही खर्च करून कायमस्वरूपी काम केलं असतं, तर सुखाधिकार अधिनियमाच्याच कलम ६० ने तुम्हाला संरक्षण मिळालं असतं. तुम्ही अजून पाइप टाकलेला नाही, त्यामुळे ते नाही. आणि त्याने उद्या जमीन विकली, तर कलम ५९ नुसार नवा मालक त्या अनुज्ञेला बांधील नसतो. म्हणून तो पुन्हा तयार झाला, तरी तोंडी होकारावर खड्डा खणू नका. मोबदला, पाइपचा मार्ग, खोली, दुरुस्तीसाठी आत जाण्याचा हक्क आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई लिहून सुखाधिकाराचा नोंदणीकृत दस्त करा आणि सातबाऱ्याच्या इतर अधिकारात नोंद मागा. जमिनीवर त्याच्या पत्नीचं, आईचं किंवा बहिणींचं नाव असेल तर त्यांच्याही सह्या लागतील. बऱ्याचदा नाराजीचं मूळ तिथेच असतं. तो कबूल करतो आणि घरात त्याला विचारतात, आम्हाला न विचारता कसं सांगितलं. या मार्गाने पाइप आला तर तो तुमचा खासगी राहील, हेही लक्षात ठेवा. पहिल्या वर्षी पैसे वाचतील, पण त्याच्या नांगराने पाइप फुटला की भांडण तुमचं.

ग्रामसेवकांचा बिनशेतीचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कर आकारणी झाली, नमुना ८ ला, म्हणजे पंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत, नाव लागलं, म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे खरं. पण पाणी नाकारायला तेवढं पुरत नाही. पाण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मुंबईतल्या अनधिकृत झोपड्यांच्या बाबतीत पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, की बांधकाम अनधिकृत आहे एवढ्याच कारणाने पाणी पूर्णपणे नाकारता येत नाही. हा हुकमाचा एक्का समजू नका. अधिकृत घरांइतक्याच अटींवर पाणी द्या, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. तरी ‘हक्कच नाही’ या वाक्याला हे उत्तर पुरेसं आहे. शिवाय गावठाणाच्या हद्दीपासून तुमच्या जमिनीचं सरळ अंतर मोजून घ्या. रस्त्याने ३८० मीटर असलं तरी सरळ रेषेत ते २०० मीटरच्या आत असू शकतं, आणि तेवढ्या परिघातली जमीन काही अटींवर बिनशेती मानण्याची तरतूद जमीन महसूल संहितेत कलम ४२ड ने आणली गेली. तहसील कार्यालयात हे आधी तपासा. कदाचित हा वाद उभाच राहणार नाही.

नळ नसताना पाणीपट्टी घेतात याचा तुम्हाला राग आहे, तो समजतो. पावती पाहा. सामान्य पाणीपट्टी असेल तर ती जोडणी नसतानाही लागू शकते. विशेष पाणीपट्टी नळजोडणी असलेल्यांसाठी असते. ती तुमच्याकडून घेतली जात असेल तर परतीचा लेखी अर्ज करा. दाद लागली नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं, ते वेळेत करा.

दिवाणी दाव्याचा विचार सध्या नको. पंचायतीवर दावा लावण्याआधी नोटीस द्यावी लागते, नंतर वर्षं जातात, आणि तोवर तुम्ही टँकरचं पाणी पीत बसाल. लेखी नकार हातात आला आणि त्याचं कारण चुकीचं असेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. म्हणून आत्ता नळजोडणीचा रीतसर अर्ज द्या, पोच घ्या, आणि नकार द्यायचाच असेल तर लेखी द्या असं सांगा.

बोअर मारून मोकळं व्हावं असा विचार डोक्यात असेल, तर गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासूनचं अंतर आधी मोजा. ते ५०० मीटरच्या आत असेल तर भूजल कायद्याची परवानगी पाहिल्याशिवाय मशीन बोलावू नका. आणि वाटणीपत्राची प्रत कोणा जाणकाराला दाखवून होईपर्यंत चुलतभावाला नोटीस पाठवू नका.