नेदरलँड्स आणि भारत यांच्या राहणीमानात नेमका फरक किती, आणि हा सगळा लोकांच्या शिस्तीचाच फरक आहे का?

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग सोपा आहे, तो लगेच उरकते. दुसऱ्या भागातला 'शिस्त' हा शब्द वाचून मात्र डोकं फिरलं आणि म्हणून हे उत्तर लिहायला बसले. आमचे दाजी गेली कित्येक वर्षं हेच एक वाक्य ऐकवत आलेत. तुम्ही त्यांच्या ओळखीचे नसाल अशी आशा आहे.

मी नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात काही वर्षं नोकरीला होते, आता परत कोल्हापुरात आहे. दरडोई उत्पन्न त्यांचं ६०,००० डॉलरच्या वर, आपलं २,५०० च्या आसपास. सरासरी आयुर्मान तिथं ८२, इथं ७२. नळाला तोंड लावून पाणी प्या, काही होत नाही. आमच्याकडं काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन येईपर्यंत किती निवडणुका त्याच एका आश्वासनावर लढल्या गेल्या, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

पण घर मिळत नाही. देशात जवळपास ४ लाख घरं कमी आहेत आणि स्वस्त भाड्याच्या सरकारी धर्तीच्या घरासाठी लोक वर्षानुवर्षं यादीत असतात. ताप आला तर घरच्या डॉक्टरची वेळ घ्यायची, आणि तो बहुतेक वेळा पॅरासिटामॉल घ्या म्हणतो. स्पेशालिस्टकडं थेट जाता येत नाही. आरोग्य विमा सक्तीचा, त्यावर वर्षाचे पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून. कराचा वरचा टप्पा साडेएकोणपन्नास टक्के. पगाराचा आकडा ऐकून हुरळून जाणाऱ्यांनी हे आधी वाचावं. राहणीमानाचं एवढं पुरे.

आता शिस्त.

२०१८ च्या उन्हाळ्यात आक्का आणि दाजी आमच्याकडं आले होते. दाजींचा धंदा प्लॉटिंगचा. शेत घ्यायचं, मुरमाचा भराव टाकायचा, रस्ते आखायचे, प्लॉट विकायचे. माणूस मनानं मोकळा, खिशानं त्याहून मोकळा. नायमेखनला मी त्यांना वाल नदीच्या पुलावर घेऊन गेले. वाल म्हणजे ऱ्हाइनचाच मोठा फाटा. गावापाशी ती वळते आणि अरुंद होते, म्हणून पुराचं पाणी तिथं तुंबायचं. १९९५ ला नद्या इतक्या फुगल्या की त्या पट्ट्यातून अडीच लाख लोकांना घरं सोडायला लावली. तेव्हापासून त्यांनी बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीलाच जागा द्यायचं ठरवलं. देशभर तीसहून जास्त ठिकाणी कामं केली, खर्च सुमारे २.३ अब्ज युरो. नायमेखनसमोर लेंट म्हणून गाव आहे, तिथला बांध ३५० मीटर मागं घेतला, मधली जमीन खणून नदीला दुसरं पात्र काढून दिलं. पन्नासेक घरं पाडली. लोक भांडले, सभा झाल्या, पर्यायी आराखडे मांडले, मग बाजारभावानं पैसे घेऊन गेले. आता पुराच्या वेळी तिथं पाणी साधारण ३५ सेंटीमीटरनं खाली राहतं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहानं सांगत होते. दाजी पुलाच्या कठड्यावर हात टेकून त्या नव्या पात्राकडं बघत होते. काठावर पोरं पोहत होती. बराच वेळानं म्हणाले, "आणि हे एवढं मोकळंच सोडलंय?"

"हो."

"नदीकाठाला? फ्रंटेज एवढं? काय दर असंल गं इथं?"

आक्का हसून हसून खाली बसली. दाजींनी मनातल्या मनात लेंटचे गुंठे पाडले असणार, चेहऱ्यावर दिसत होतं. आणि त्याच संध्याकाळी जेवताना, ताटातल्या तांबड्या रश्श्याकडं बघत, तेच वाक्य: "काय पण म्हण, लोकांना शिस्त हाय. सिग्नलला कसे थांबतात बघ. आपल्या लोकांचं कधी व्हायचं न्हाई. आणि लोकसंख्या केवढी आपली!"

लोकसंख्येचं आधी घेऊ, कारण हे सगळेच बोलतात. नेदरलँड्समध्ये पाण्याखालचा भाग सोडला तर चौरस किलोमीटरला ५०० च्या वर माणसं राहतात. कोल्हापूर जिल्ह्याची घनता २०११ च्या जनगणनेत ५०४ होती, अख्ख्या महाराष्ट्राची ३६५. म्हणजे तो पूर्ण देश आपल्या जिल्ह्याएवढा दाटीचा आहे, आणि त्यातला चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. दाटीमुळं आपलं जमत नाही हे कारण तरी बाद.

आणि शिस्त त्यांना आईच्या पोटातून मिळालेली नाही. १९७१ ला त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर तीन हजारांच्या वर माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त लहान मुलं. आई-बाप रस्त्यावर उतरले, त्यानंतरच्या काळात सायकलींचे वेगळे रस्ते झाले, आणि मग ते फोटोतले गोड सायकलवाले तयार झाले. ऑक्टोबर २०१९ ला शेतीतून होणाऱ्या नायट्रोजन प्रदूषणाच्या नियमांवरून डच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला निघाले, तर देशभरात वाहनांच्या रांगा हजार किलोमीटरच्या वर गेल्या. ऊसदरासाठी आपल्याकडं चक्काजाम होतो त्याचीच थोरली बहीण. मी दाजींना व्हिडिओ पाठवला. दाजींनी अंगठा पाठवला.

फरक कुठं आहे ते मला मार्च २०१९ मध्ये कळलं. घरी पोस्टानं मतदानाचं कार्ड आलं. मी डच नागरिक नाही, तरी आलं, कारण ती निवडणूक पाण्याच्या मंडळाची होती आणि तिथं कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही त्यात मत आहे. अशी २१ मंडळं आहेत. काहींची मुळं १३ व्या शतकातली, म्हणजे देशापेक्षा मंडळं जुनी. काम काय, तर बांध, कालवे, पंप, सांडपाणी. दर चार वर्षांनी निवडणूक, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा कर. प्रत्येक घराला वर्षाला काही शे युरोंचं बिल येतं, भाडेकरूलाही. मी ते दरवर्षी कुरकुरत भरायची. उमेदवारांचे वाद ऐकण्यासारखे असतात. शेतकऱ्यांना कालव्याची पातळी खाली हवी, निसर्गवाल्यांना वर, घरवाल्यांना बिल कमी. मी लांबलचक मतपत्रिका उलगडून लाल पेन्सिलीनं गोल रंगवला आणि घरी फोन केला. दाजी म्हणाले, "पाण्याची निवडणूक? पाणी कुठल्या चिन्हावर उभारलंय?"

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माझं माहेर बुडालं.

शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला आमचं जुनं घर आहे. आजोबांनी बांधलं तेव्हा पूररेषा वगैरे शब्द कुणाला माहीत नव्हते. २००५ ला पाणी पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं, त्यामुळं बाबा ठाम होते की त्याच्या वर येत नाही. मी तिकडून तासातासाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत होते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे कोल्हापूरच्या पोराला बाराखडीबरोबरच येतात. त्या वेळी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. घरात छातीएवढं पाणी. शिरोलीला हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि गल्लीतल्या गणपतीच्या मूर्ती विरघळून गेलेल्या. बाबा माळ्यावर बसून होते, फोनची बॅटरी संपत आलेली. तालमीची पोरं ट्यूब घेऊन आली आणि त्यांना काढलं. त्या पोरांबरोबर गळाभर पाण्यातून पहिला आत शिरलेला माणूस कोण, तर दाजी. बाबांना त्यांनी राजारामपुरीत आपल्या घरी नेलं, दिवाळीपर्यंत ठेवलं, औषधपाणी केलं. त्याची परतफेड माझ्याच्यानं होणार नाही. हे इथं मुद्दाम लिहितेय, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला कृतघ्न म्हणायला नको.

कारण त्याच रात्री फोनवर दाजी मला म्हणाले, "तुझ्या हॉलंडात व्हतंय का असं? लोकांनाच शिस्त न्हाई. नाल्यात घरं बांधत्यात, प्लास्टिक टाकत्यात, मग पाणी येणारच." बाबांनी नाल्यात घर बांधलं नव्हतं. नदीकाठच्या रानात २००५ नंतर किती ट्रक मुरूम पडला हे मात्र दाजींना तोंडपाठ असणार, कारण त्यातले काही ट्रक त्यांचेच. पाणी भरावावर चढत नाही. ते शेजाऱ्याच्या रानात जातं, आणि शेवटी आमच्या माळ्याशी येतं. मी हे बोलले. फोन कट झाला. रेंज गेली असंही म्हणता येईल.

दाजी बेशिस्त माणूस नाहीत. हेल्मेट घालतात, घरपट्टी वेळेवर भरतात, रांग मोडत नाहीत. त्यांचा प्रत्येक लेआउट कागदोपत्री चोख असतो. कुणीतरी सही केली, कुणीतरी शिक्का मारला. तोच माणूस उद्या लेंटला जन्मला असता तर बांध मागं घ्यायच्या सभेत बसून जास्त भरपाईसाठी भांडला असता, आणि भराव टाकायचं त्याच्या डोक्यातही आलं नसतं, कारण परवानगीच मिळाली नसती. फरक एवढाच आहे आणि तो प्रचंड आहे. तिथं पाणी तुंबलं की कुणाला धरायचं हे माहीत असतं, त्याच्याकडं पैसा असतो, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला घरी पाठवता येतं. आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपली आणि मग पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक. जुलै २०२१ ला पंचगंगा पुन्हा ५५ फुटांपार गेली, तेव्हा वॉर्डात नगरसेवक म्हणून शिवी द्यायलाही कुणी नव्हतं.

गंमत बघा, त्याच जुलैत, आठवडाभर आधी, नेदरलँड्सच्या दक्षिणेला गेउल नदीला पूर येऊन व्हाल्कनबर्ग गाव बुडालं. तिथंही घरांत चिखल, तिथंही रडारड, शिस्त असूनही. मात्र त्या पुरात देशात माणूस दगावला नाही. शेजारी जर्मनीत त्याच पावसानं १८० हून जास्त बळी घेतले, आणि शिस्तीचं नाव काढलं की जगाला पहिल्यांदा आठवतात ते जर्मनच.

आता कुणी कमेंटमध्ये यायच्या आधी सांगते, तुलना सरळ नाही. २०१९ चा पाऊस वेडा होता, सगळा दोष भरावाचा नाही. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो, नेदरलँड्सला ८५० च्या आसपास. ऱ्हाइनचं पाणी वरच्या देशांतून सावकाश येतं, तयारीला दिवस मिळतात. आपल्याकडं घाटात पाऊस झाला आणि राधानगरीचे दरवाजे उघडले की बघता बघता नदीघाटावरची मंदिरं बुडतात. इंडोनेशियातून शतकानुशतकं नेलेला पैसा आणि उत्तरेच्या ग्रोनिंगन प्रांतातला नैसर्गिक गॅस हेही त्यांच्या खात्यावर आहे, आणि त्या गॅसपायी तिथल्या लोकांची घरं भूकंपानं तडकली ते वेगळंच. सरकारही काही देवाचं नाही. मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानात हजारो पालकांना खोटं फसवे ठरवलं, दुहेरी नागरिकत्व असलेल्यांना तर जास्तच, आणि जानेवारी २०२१ ला त्यावरून मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तुमचं आडनाव डच नसेल तर तिथं जाताना हे लक्षात असू द्या.

तुम्ही जावं का? नोकरी असेल, वय कमी असेल, पावसाळी अंधाऱ्या हिवाळ्याची भीती नसेल तर जा. घर आधी बघा, मग राजीनामा द्या. इथलं घर विकून मात्र जाऊ नका.

आणि इथंच राहणार असाल आणि नदीकडेला 'रिव्हर व्ह्यू' प्लॉट कुणी दाखवला, तर जाहिरात बाजूला ठेवून गट नंबर घ्या, झोन दाखला काढा, आणि पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभरातून एकदा. आम्ही शंभरातला पूर दोन वर्षांच्या अंतरानं दोनदा पाहिल्यासारखं झालंय, तेव्हा लाल रेषेच्या आतलं काहीही घेऊ नका. विकणारा म्हणेल, भराव टाकलाय, पाणी येत नाही. त्याला विचारा, मग जातं कुठं? आमच्या दाजींना मी हे विचारलंय. ते म्हणाले, जेवून घे आधी.