आजीच्या शेजारी बसून

प्रिय आशिष,

रविवारी पुण्याहून, आजीकडून, फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर घाईत द्यायला माझं मन होईना, म्हणून लिहिते आहे. जोडाक्षरांपाशी अडलास तर आजीला वाचून दाखवायला सांग. तिलाही हे वाचायला आवडेल.

तू विचारलंस ते असं: आजी रोज रात्री डोक्यावर पदर घेते, पेटीवर एक अभंग म्हणते, मग हात जोडून, डोळे मिटून बराच वेळ प्रार्थना करते. इथे इंग्लंडात, लीड्समध्ये, आपल्या चर्चमध्ये कुणी असं करत नाही. येशू असं करायचा का? शिवाय आजी ‘आता तू कर’ म्हणाली की तुला काही सुचत नाही. आणि मग अगदी हळू आवाजात तू म्हणालास की, आजोबांसाठी आपण सगळ्यांनी इतकं मागितलं, तरी ते गेले, मग मागायचं कशाला?

हा शेवटचा प्रश्न मोठा आहे. त्याच्याकडे मी येते, पण आधी दुसरं थोडं सांगू दे.

प्रार्थना कशी करायची, हा प्रश्न येशूच्या शिष्यांनाही पडला होता. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे बघ. येशू एका ठिकाणी प्रार्थना करत होता. ती संपल्यावर एक शिष्य म्हणाला, ‘प्रभूजी, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा.’ हे सगळे यहूदी घरांत वाढलेले लोक. लहानपणापासून सभास्थानात, म्हणजे यहूद्यांच्या प्रार्थनागृहात, गेलेले, स्तोत्रं कानावरून गेलेली. प्रार्थना म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी याला प्रार्थना करताना पाहिलं, आणि आपल्यालाही असं यावं असं त्यांना वाटलं. येशूने आधी वर्ग भरवून प्रार्थनेचे नियम सांगितले नाहीत. तो आपला बापाशी, म्हणजे देवाशी, बोलत राहिला, आणि हे जवळ राहून बघत राहिले. मागणं त्यांच्याकडून आलं.

काय काय पाहिलं असेल त्यांनी? मार्कच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमची हकीकत आहे. संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं, आजारी माणसं आणलेली. एवढ्या दिवसानंतर कुणीही उशिरापर्यंत झोपलं असतं. पण पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात गेला होता आणि शिमोन, म्हणजे पेत्र, व बाकीचे शिष्य त्याला शोधत फिरत होते. बारा प्रेषित निवडायच्या आधी त्याने डोंगरावर सगळी रात्र प्रार्थनेत घालवली. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोकांना निरोप दिला आणि एकटाच डोंगरावर गेला. कामाचा रेटा जितका जास्त, तितका तो बापाकडे जायला वेळ काढायचा. आजी पहाटे उठून खिडकीपाशी खुर्चीत बसते ना, तेव्हा ती काय करते हे तुला कळावं म्हणून हे सांगितलं.

आता डोळे आणि हात. शुभवर्तमानांत येशू डोळे मिटून प्रार्थना करतो असं मला कुठे वाचल्याचं आठवत नाही. लाजराच्या कबरेपाशी तो डोळे वर करून बोलतो, भाकर मोडतानाही वर आकाशाकडे बघतो. गेथशेमाने बागेत गुडघे टेकतो, मत्तय तर म्हणतो की तो पालथा पडला. म्हणजे एकच एक रीत नाही. पदर, जोडलेले हात, दाराबाहेर काढलेल्या चपला, ही आपल्या मराठी घरांची रीत आहे. आपली माणसं ख्रिस्ती झाली तेव्हा मोठ्यांपुढे आणि देवापुढे कसं उभं राहायचं हे त्यांना आधीपासून येत होतं. ते त्यांनी टाकून दिलं नाही, आणि मला ते फार बरं वाटतं. गुरुवार पेठेत पंच हौदाचं पवित्र नाम देवालय, ते चर्च, तू पाहिलंस. तिथे उपासना पुस्तकाप्रमाणे चालते, मंडळी एका सुरात उत्तर देते. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली शेकडो बायका आणि मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करत होत्या, प्रत्येक जण आपापल्या शब्दांत. बाहेरून ऐकणाऱ्याला तो नुसता गलबला वाटला असता. दोन्ही ठिकाणं पुण्याच्या आसपासची, दोन्ही प्रार्थना खऱ्या.

पेटी आणि अभंगाचंही तसंच. आजीचं माहेर नगरचं. कवी नारायण वामन टिळकांनी बरीच वर्षं नगरलाच काम केलं. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. त्यांच्या आधी मराठी मंडळ्यांत बरीच गीतं इंग्रजी चालींवर म्हटली जायची. टिळकांनी अभंग, ओवी, भजन हे सगळं आपल्या उपासनेत आणलं. आजीच्या पुस्तकात त्यांची कितीतरी गीतं आहेत, तिला त्यातली पाठ किती आहेत ते विचार. आणि येशू गायचा का? गायचा. शेवटच्या भोजनानंतर स्तोत्र गाऊन ते सगळे जैतुनांच्या डोंगराकडे निघाले असं मार्कने लिहिलं आहे. पुढे त्या रात्री काय होणार हे येशूला माहीत होतं, तरी आधी ते गायले. आजोबा गेले त्या आठवड्यातही आजीने पेटी उघडली होती. तुझ्या मामाला ते विचित्र वाटलं. मला नाही वाटलं.

तुला काही सुचत नाही म्हणालास. अरे, सुचावं लागत नाही. येशू वधस्तंभावर होता तेव्हा त्याच्या तोंडून आलं, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहेत. आणि प्राण सोडताना तो म्हणाला, ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.’ तेही एकतिसाव्या स्तोत्रातलं. बघ हं, देवाचा पुत्र, आयुष्यातल्या सगळ्यात कठीण वेळी, लहानपणी पाठ झालेले शब्द बोलतो. वेदनेत माणसाला नवीन वाक्यं रचता येत नाहीत. जे आधी आत साठलेलं असतं तेच वर येतं. कॅम्पात लाल देऊळ आहे ना, १८६७ साली बांधलेलं सभास्थान, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं? तिथे आजही तीच दाविदाची स्तोत्रं म्हटली जातात. रास्ता पेठेतल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहूदी घरांतही म्हटली जातात. येशू त्या स्तोत्रांवर वाढला. तू ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ पाठ कर. आजीने ‘तू कर’ म्हटलं की तेच म्हण. उधारीचे शब्द आहेत म्हणून ते खोटे होत नाहीत. सात-आठ वेळा म्हटल्यावर मध्येच एखादं तुझं स्वतःचं वाक्य येईल, ते येऊ दे. नाही आलं तर पुढच्या ओळीवर जा.

शिष्यांना त्याने शिकवलेली प्रार्थना तर तुला येतेच, फक्त आपण ती इंग्रजीत म्हणतो. आजीबरोबर ती मराठीत म्हण. त्यात भाकर मागायची आहे, मोठमोठ्या गोष्टीच मागायच्या असं नाही. आजी ‘उद्या सोसायटीत पाणी येऊ दे’ म्हणते तेव्हा तुला गंमत वाटली, पण उन्हाळ्यात पुण्यात पाणी म्हणजे भाकरीइतकीच गरज आहे. आणि ती प्रार्थना सगळी ‘आमची’ आणि ‘आम्हांला’ अशी आहे. खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना कर असं सांगणारा येशू तिथे एकट्यानेही सगळ्यांसाठीच मागायला लावतो. त्यातलं क्षमेचं वाक्य मला अजून जड जातं. आपण दुसऱ्यांची ऋणं सोडली आहेत तशी आमची सोड, असं म्हणताना माझ्या मनात एक-दोन माणसं येतातच. येशूने ते नुसतं शिकवलं नाही. खिळे ठोकणाऱ्यांसाठी त्याने बापाकडे क्षमा मागितली.

आता आजोबा.

मी तुला असं सांगणार नाही की आपण कमी मागितलं, किंवा आपला विश्वास कमी पडला. असं कुणी तुला सांगितलं तर मान देऊन ऐक आणि मनावर घेऊ नकोस. गेथशेमानेत येशूने काय मागितलं ते वाच. ‘अब्बा, बापा, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर.’ त्याने स्पष्ट मागितलं. मला मरायचं नाही, असंच ते मागणं होतं. पुढे तो म्हणाला, ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ पण आधीचं वाक्य त्याने गिळून टाकलं नाही. बरेच जण येशूचं फक्त दुसरं वाक्य सांगतात आणि लहान मुलांना गप्प करतात. तू दोन्ही वाक्यं म्हणू शकतोस, त्याच क्रमाने.

मत्तय सांगतो की त्याने तीनदा तेच शब्द म्हटले. जवळची तीन माणसं बरोबर नेली होती, ‘माझ्याबरोबर जागे राहा’ म्हणाला होता, आणि ती झोपून गेली. प्याला दूर झाला नाही. सकाळी त्याला रोमी सुभेदार पिलातापुढे उभं केलं. म्हणजे आपल्याला जे वाटतं, की मागितलं आणि मिळालं नाही, ते येशूलाही झालं आहे. त्याच्या प्रार्थनेत काही चूक नव्हती. लूक सांगतो की त्या बागेत स्वर्गातून एक दूत येऊन त्याला शक्ती देऊन गेला. तो प्याला घेऊन जायला आलेला नव्हता, पिणाऱ्याच्या शेजारी आला होता.

आजोबांच्या खोलीत मी शेवटचे काही दिवस होते. आपल्या प्रार्थनांनी त्यांचा आजार गेला नाही. पण रात्री त्यांना भीती वाटायची, तेव्हा ते आजीला म्हणायचे, ‘म्हण’, आणि ती म्हणायची, आणि त्यांचा श्वास शांत व्हायचा. हे मी पाहिलं आहे. मी हे पुरावा म्हणून सांगत नाही. ते का गेले याचं उत्तर माझ्यापाशी नाही आणि मी ते बनवूनही देणार नाही. तुला राग आला असेल तर तोही देवाला सांग. स्तोत्रांत रागाची, तक्रारीची प्रार्थना भरपूर आहे, आणि तीच स्तोत्रं येशूच्या तोंडी होती.

अजून एक राहिलं. आजी प्रार्थनेत इतकी नावं का घेते, असंही तू मध्येच म्हणाला होतास. त्या शेवटच्या रात्री येशू पेत्राला म्हणाला, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्र काही तासांत त्याला नाकारणार होता, हे माहीत असून. कुणीतरी आपलं नाव घेऊन देवापुढे बसलं होतं, हे पेत्राला नंतर किती आठवलं असेल. आजीच्या यादीत तुझं नाव तू जन्मायच्या आधीपासून आहे. आम्ही तेव्हा तुला अजून नावही दिलं नव्हतं, ती ‘बाळ’ म्हणायची.

तर आत्ता एवढंच कर. रोज रात्री आजीच्या शेजारी बस, समोर नको, शेजारी. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे ते तुझं तू ठरव. तिच्याबरोबर प्रभूची प्रार्थना मराठीत म्हण, अडलास तर तिच्या आवाजामागे जा. बुधवारी प्रार्थनासभेला ती नेईल तेव्हा जा, तिथल्या काकू जरा लांबवतात, कंटाळा आला तरी उठू नकोस. आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी आहे असं आजी म्हणाली. त्यांचं नाव तू घे. त्यांना आधी जाऊन सांग की मी घेणार आहे.

आजीला माझा नमस्कार. पेटीचा भाता फाटला होता तो दुरुस्त करून आणला का ते मला कळव.

तुझी,
आई