चार्टवर नुसतं 'सायनसायटिस' लिहिलंय, मग जे०१.९० का चुकलं?

तुम्ही लिहिलंय की कोडिंगच्या (पेशंटच्या नोंदी वाचून आजाराला ठरलेला कोड लावण्याच्या) क्लासमध्ये सरावाच्या चार्टवर डॉक्टरांनी फक्त 'सायनसायटिस' (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची, म्हणजे सायनसची सूज) लिहिलं होतं, तुम्ही जे०१.९० (अ‍ॅक्यूट, म्हणजे नव्यानं उठलेल्या सायनसायटिसचा कोड) लावलं आणि सरांनी ते कापलं. सरांचं बरोबर आहे. 'अ‍ॅक्यूट' हा शब्द नसला की अमेरिकन कोडिंगमध्ये ते थेट जे३२.९ ला जातं, म्हणजे जुनाटच्या खात्यात. पेशंटला चारच दिवस झालेत हे समोर दिसत असलं, तरी अ‍ॅक्यूट आपण ठरवायचं नसतं. डॉक्टरांना क्वेरी टाकायची, म्हणजे त्यांनाच विचारायचं.

मी सांगलीत विश्रामबागेत घरी बसून रात्रपाळीला अमेरिकेतले चार्ट कोड करते. दिवस मोजण्याचं महत्त्व मात्र मला आप्पांच्या दुखण्यात कळलं. ते मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना असतात. उजवी वरची दाढ ठणकते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दाढ ठोकून बघितली, ती ठणठणीत. मग म्हणाले, "आप्पा, जरा खाली वाका बरं." वाकल्याबरोबर गाल जड झाला. गालामागचा सायनस वरच्या दाढांच्या मुळांना लागूनच असतो ना!

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "किती दिवस झाले?" सर्दी पाचव्या दिवशी उतरली होती आणि आठव्या दिवशी तापासकट उलटली. असं बरं होऊन पुन्हा चढलं, किंवा दहा दिवसांत काहीच उतार पडला नाही, तर जिवाणूंचा संशय घेतात. आप्पांना अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट हे अँटिबायोटिक मिळालं. शेजारच्या काकूंना चौथ्या दिवशी पिवळा शेंबूड होता, त्यांना नुसतं मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं (पाणी उकळून गार केलेलंच हवं), म्हणून त्या रुसल्या. पण शेंबडाच्या रंगावरून जिवाणू ओळखता येत नाही, बहुतेक वेळा व्हायरसच असतो. आप्पांची वेगळीच तक्रार, "साधा फोटोसुद्धा काढला नाही." साध्या केसमध्ये एक्स-रेची गरज नसते. डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, तर मात्र तडक दवाखाना गाठायचा.

आता कोड. गालाचा सायनस जे०१.०, कपाळाचा जे०१.१, सगळेच सायनस धरले तर जे०१.४. शेवटचा आकडा ० साधा, १ वारंवार होणारा, पण 'वारंवार' हेही डॉक्टरांनीच लिहायला हवं. डावं-उजवं शोधत बसू नका, या कोडात बाजू नसतेच. गाल आणि कपाळ दोन्ही असतील तर दोन कोड न लावता जे०१.८०. नवे लोक इथंच हमखास अडकतात. जुनाट आजारावर नवा उसळला असेल, तर जे०१ आणि जे३२ दोन्ही चालतात.

म्हणजे आप्पांना जे०१.००, बरोबर? त्यांची चिठ्ठी मी उघडून पाहिली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, नुसतं 'सायनसायटिस'.